लेखी हाय का

आमचं गाव थळच्या अंगाला, बाबा गवंडी, त्यांच्या हाताखाली माझा काका, दोघं भाऊ एका डब्यात जेवायचे, आणि मी वकील झाले ती हुशार होते म्हणून न्हाय ताई, रागानं झाले, लिहा तसंच.

काय सांगू तुम्हाला, किहीमला बंगल्याचं काम होतं, ठेकेदार शेठ मोठा माणूस. स्लॅब अजून कच्चा होता, बाबा म्हणाले शेठ थांबू, आत्ता सेंट्रिंगचे टेकू काढायचे न्हाईत, शेठ म्हणाला मालक यायचेत, काढ, मी हाय ना. मी हाय ना म्हणाला ताई. बाबांनी टेकू काढले नि स्लॅब खाली आला, काका खाली होता. गेला. मग शेठनं करार पुढं केला, सेंट्रिंगची सगळी जबाबदारी गवंड्याची, खाली बाबांचा अंगठा, आणि म्हणतो मी काढ म्हणालोच न्हाय, लेखी हाय का? बाबांवर खटला चालला, सुटले, पण काकू शेजारच्या दारात राहून त्यांच्याशी परत बोलली न्हाय, बाबांनीपण थापी हातात धरली न्हाय.

तर मी करार शिकले, बांधकामाचेच. लोक म्हणतात रुक्ष विषय. रुक्ष कसला? काम अंगावर आलं तर कुणाला पुढं ढकलायचं, ते माणसानं आधीच लिहून ठेवलेलं असतं, करार वाचला की माणूस कळतो.

अलिबागला ऑफिस थाटलं, बरीच वर्षं गेली, मग एक डॉक्टरबाई आल्या, समुद्राकाठी हॉटेल बांधलेलं, छत गळतंय. ठेकेदार कोण विचारलं, तर तोच. मी म्हटलं बाई, माझं ह्याच्याशी जुनं वैर हाय, दुसरा वकील बघा. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच हव्यात.

लवादापुढं शेठ म्हणाला, बाईंच्या इंजिनियरनंच मला वॉटरप्रूफिंग कमी करायला सांगितलं. मी विचारलं, लेखी हाय का? म्हणतो, मॅडम, साइटवर कोण लिहितं, सगळं तोंडावर चालतं. त्याच्याच छापील करारातलं कलम त्याला मोठ्यानं वाचायला लावलं, बदल लेखी असेल तरच धरला जाईल. परत वाचायला लावलं. लवाद म्हणाले मॅडम, पुरे. मी म्हटलं साहेब, अजून एकदा.

हरला. यंत्रं जप्त झाली, त्याचा पोरगा तडजोडीला आला, मी दारातूनच परत पाठवला. निकालाच्या दिवशी जिन्यात शेठला गाठून बाबांचं नाव सांगितलं, काकाचं सांगितलं. कोण, म्हणाला. नाटक नव्हतं, खरंच आठवत नव्हतं त्याला.

घरी आले, काकूला सांगितलं, शेठला बुडवला म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, व्हय, सांगितलं त्यानं, पण टेकू काढले कुणी? बाबा भिंतीपलीकडं होते, ऐकलं असणार.

आता शेठ पालीला असतो, घराबाहेर पडत न्हाय म्हणतात. मी बल्लाळेश्वराला जाते तेव्हा त्याच्यासाठी मागते. हसू नका. देवा, त्याला उदंड आयुष्य दे, डोकं शाबूत ठेव, आणि एका सकाळी माझ्या काकाचं नाव त्याला आठवू दे, मग ते मरेपर्यंत विसरू देऊ नको.