धडधाकट

दवाखान्यात मान आखडलेल्या शिंपिणीला मागे वळता येईना, पण मागच्या बाकावरच्या दोघी बहिणी तिला स्पष्ट ऐकू येत होत्या.

"ताई, अंथरुणाला खिळलेल्या आईला तूच तुझ्या घरी ने. माझे गुडघे बघतेस ना?"

"वीस वर्षं रोज सकाळी चालायला हाका मारत होते. तेव्हा तुझी झोप मोडायची."

"झालं ते झालं गं. तू धडधाकट आहेस, तुला तिला उचलता येईल."

"साठीनंतर डोंगर चढायचे म्हणून हे शरीर जपलं. पुढच्या महिन्यात निघणार होते."

"डोंगर कुठे पळून जातात?"

"आई किती वर्षं काढेल म्हणाले डॉक्टर?"

"दहा तरी. हृदय अगदी तुझ्यासारखं ठणठणीत आहे म्हणे."

नंबर लागला. दोघी शिंपिणीसमोरून आत गेल्या, तेव्हा धाकटीचा सगळा भार ताईच्या खांद्यावर होता.