दोन थापा

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"या वयात ज्युदो? तेही सुनेबरोबर?"

"क्लबात जोडीदार लागतो. घरातून दुसरं कोण येणार?"

"तुमचं तर बोलणंही बंद होतं ना?"

"तिथे बोलायचं कुठे असतं? धरायचं आणि पाडायचं."

"अगंबाई! आणि फार दुखलं तर?"

"गादीवर दोनदा थाप मारायची. समोरच्याने लगेच सोडायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही."

"हे बरंय."

"काल तिच्या हातून दूध उतू गेलं. मी बोलत सुटले, पार तिच्या आईपर्यंत पोचले."

"मग?"

"तिने ओट्यावर दोनदा थाप मारली."

"आणि तुम्ही?"

"सोडलं. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं आणि ताटं वाढायला घेतली."