वाड्याचा नारळ उचलल्याबाबत

नाव चंद्रावती शांताराम गावस, वय ५० वर्षे, धंदा बाजारात भाजी विकणे, राहणार व्हाळापलीकडचा वाडा, तालुका डिचोली, गोवा. नोव्हेंबर १९८९.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, आज मतदानाच्या दिवशी आमच्या वाड्यावरील राष्ट्रोळी देवाच्या घुमटीतून नारळ चोरीस गेला, अशी तक्रार वाड्याचे गावकर म्हणजे मानकरी गोकुळदास मळीक यांनी दिली आहे. संशयावरून माझा दीर सगुण याला दुपारपासून इथे पोलीस ठाण्यात बाकावर बसवून ठेवले आहे. त्याला सोडावे. नारळ मी उचलला.

आमच्याकडे निवडणूक आली की वाडा देवापुढे जमतो. गावकर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, अमक्यालाच मत देणार असे देवाला सांगतात आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. निकाल लागेपर्यंत तो नारळ कुणी हलवायचा नाही. पोर्तुगीज गेल्यावर पहिली निवडणूक झाली तेव्हापासून हे चालले आहे. जनमत कौलालाही वाड्याने असेच ठरवून विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला. मते ठरलेली, मग आमदार वाड्यावर फिरकतील कशाला? व्हाळाचा ओढा ओलांडायला साकव बांधा म्हणून माझ्या पतींनी पणजीपर्यंत चपला झिजवल्या. पुढे पावसात ते स्वतः आजारी पडले आणि व्हाळ भरलेला होता. त्याविषयी मला जास्त सांगायचे नाही. त्याच वर्षी निवडणुकीला पुन्हा त्याच आमदारासाठी नारळ ठेवला. मीही ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. दुसरे काय म्हणणार?

यंदा राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक. तीसचे चाळीस मतदारसंघ झाले आणि आमचा वाडा जुन्या मतदारसंघातून तोडून नव्यात घातला. गोकुळदासकाकांनी मात्र गणपतीच्या चवथीतच सवयीने जुन्या आमदारासाठी नारळ ठेवून टाकला. मतदानाच्या चिठ्ठ्या घरी आल्या तेव्हा कळले की त्या आमदारांचे नाव आमच्या मतपत्रिकेवर असणारच नाही. काका म्हणाले, “देवाक सांगलां तें सांगलां. दुसऱ्याक मत दिलें तर देव सोडचो ना. सगळ्यांनी घरा बसा.” माझी जाऊ सुमंगला नारळ उचलायला सांगत म्हणाली, “मगे नारळ उखला आनी नव्यान सांगा.” त्यावर काका म्हणाले, बायकांनी यात पडू नये.

यंदा उमेदवार व्हाळ ओलांडून वाड्यावर आले. त्यातल्या एकाने माझ्या ओसरीवर बसून पाणी मागितले आणि साकव कुठे पाहिजे ते विचारले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडले आणि नेमके यंदाच आम्ही घरी बसायचे, हे काही मला पटेना. रागही आला.

सकाळी आंघोळ करून मी घुमटीत गेले. देवाला म्हटले, चूक आमची आहे, वाड्याला शब्दातून मोकळे कर, कोप करायचा तर माझ्यावर कर. नारळ व्हाळाच्या पाण्यात सोडला. मग दारोदार सांगत गेले, “नारळ उखल्लो, मताक चलात.” कुणी उचलला ते एकानेही विचारले नाही. सगुण एका उमेदवाराचा बावटा घेऊन फिरतो, म्हणून सगळ्यांनी मनात त्यालाच धरले. वाडा मात्र मतदानाला गेला. गोकुळदासकाकाही गेले. बोटाला शाई लावून घेतली आणि तिथूनच ते तक्रार द्यायला इथे आले.

मी मत कोणाला दिले हे हवालदारांनी विचारले. ते मी सांगणार नाही. वाड्याला ठाऊक नसलेले हे माझे पहिलेच मत आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात मी नारळ ‘दिराच्या सांगण्यावरून’ उचलला, असे लिहिले होते. ते शब्द मी खोडायला लावले आणि खोडल्या जागी सही केली. आता बरोबर आहे.