ग्रहाची तिसरी अट

तुम्हाला व्याख्या फार आवडतात, म्हणून सांगते. धारवाडच्या आमच्या मराठी मंडळाच्या विज्ञान स्पर्धेत परीक्षक मी होते. ग्रहाच्या तीन अटींपैकी वैदेहीने दोन बरोबर लिहिल्या: सूर्याभोवती फिरणे आणि गोल असणे. तिसरीपुढे लिहिले, "अस्पष्ट". मी गुण कापला आणि तिचे पदक हुकले. ती तडक माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, ग्रहाने आपली कक्षा मोकळी केलेली हवी ना? गुरूच्या कक्षेत तर हजारो लघुग्रह आहेत!"

"ते गुरूच्याच गुरुत्वाकर्षणाच्या धाकात असतात. प्लूटोचा शेजाऱ्यांवर तसा धाक नाही."

"एष्टु? किती धाक असला म्हणजे पुरे?"

मी व्याख्या पुन्हा वाचली. आकडा कुठेच नव्हता.

पदक तिला दिले. व्याख्येला मात्र मी अजून पास केलेले नाही.