कोठीवरचा टीव्ही

अरे, आमच्या पिंपरी पेंढारच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा मी ओतूरला कॉलेजात होते आणि जग बदलायची मला भयंकर घाई होती. दादांना, म्हणजे वडिलांना, टीव्ही बाहेरच्या खोलीत हवा होता, पावण्यांना दिसावा म्हणून. पण तिथं पुरुषमाणसं बसलेली असली की आई उंबऱ्याच्या बाहेर यायची नाही.

"मग आईनं बघायचा कधी? टीव्ही स्वयंपाकघरातच राहणार!" मी भांडभांड भांडले आणि तो धान्याच्या कोठीवर बसवलाच.

पहिल्याच रविवारी क्रिकेटची मॅच आली. दादा, काका, शेजारपाजारचे, सगळे आत येऊन चुलीभोवती मांडी ठोकून बसले.

"वैनी, जरा सरका की! बॅट्समन दिसंना!" काका ओरडले.

आईनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. ती रडत असणार या भीतीनं मी मागोमाग धावले. बघते तर बाई दादांच्या खाटेवर, लोडाला टेकून, पाय लांब करून बसलेली!

"आई, काय झालं?"

"कुटं काय? हितं लई गार वारं येतं गं." मग तिनं आत हाक मारली, "चुलीपाशी बसलाच हाय तुमी, तर चहा टाका!"

"अगं, साखर कुठंय?" आतून दादांचा आवाज आला.

"हुडका!"

मॅच संपताच दादा स्वतःच टीव्ही उचलून बाहेर घेऊन आले. आई जागची हलली नाही.

"टीव्ही कुटंबी ठेवा," ती म्हणाली, "खाट काय मी सोडायची न्हाई."