तरसाच्या गुहेपाशी

नमस्कार. आज सरांच्या शोकसभेत इथे उभं राहू की नको, हे मला करोल बागला उतरेपर्यंत ठरवता येत नव्हतं. काकू, तुमच्याकडे बघून बोलायला जमणार नाही, माफ करा.

मी केतकी. टिपणीस सरांनी मला दोन वर्षं वन्यजीव व्यवस्थापन शिकवलं. माझं मराठी दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेलं आहे, सांभाळून घ्या.

इथे सगळे सरांबद्दल चांगलं बोलले. ते बिल्कुल खरं आहे. माझे बाबा म्हणत होते, जंगलात काय ठेवलंय, आयटी कर. तेव्हा सर आमच्या घरी आले. म्हणाले, "पोरगी माझ्या भरवशावर सोडा." बाबांनी सोडली.

पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी मातीत स्वतःचंच पाऊल उमटवलं. डावी टाच घासलेली, शेजारी काठीचं भोक. म्हणाले, "आधी माणसाचा माग वाचा, मग जनावराचा." आणि एक नियम सांगितला. गुहेची जागा कोणाला सांगायची नाही. आईलासुद्धा नाही.

फरीदाबादच्या बाजूला, अरवलीत, मला तरसाची गुहा मिळाली. आत दोन पिल्लं. ती दाखवली रामकली चाचींनी. त्या तिकडे बकऱ्या चारायच्या. मी फक्त सरांना सांगितलं. फक्त सरांना.

दहा दिवसांनी गेले तर गुहा रिकामी. गाड्यांच्या चाकोऱ्या, चिप्सची पाकिटं. पिल्लांचं काय झालं, आजही माहीत नाही. सरांना फोन केला. म्हणाले, "मी तिकडे गेलेलोच नाही. त्या बकरीवालीनेच फोटोवाल्यांना नेलं असणार." मी तशीच चाचींकडे गेले आणि गावासमोर त्यांना वाटेल ते बोलले. त्या रडल्या नाहीत. मला हाताला धरून गुहेपाशी नेलं, जमिनीकडे बोट दाखवलं. "तू तो पढ़ी-लिखी है. पढ़ ले."

मी वाचलं. डावी टाच घासलेली. शेजारी काठीचं भोक.

सर, का? फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना खूश करायला? मग निदान एकदा म्हणायचं होतं, केतकी, चुकलं माझं. मी वाट बघत राहिले. डिग्री मिळाली. तुम्ही शिफारसपत्र दिलंत, मी घेतलंही. त्याची लाज वाटते. तुमच्या एका शब्दावर चाचींचं तिकडे बकऱ्या नेणं बंद झालं. डिपार्टमेंटमध्ये अजूनही "ती बकरीवाली" म्हणून हा किस्सा सांगतात. आणि तुम्ही काही न बोलता निघून गेलात. असं कोणी जातं का, सर?

चाची इथे आल्या आहेत. मीच घेऊन आले. दाराशी उभ्या आहेत त्या. त्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलते.

चाची, वो जगह आपने किसी को नहीं बताई थी. लोगों को सर ले गए थे. मैंने सबके सामने आप पर झूठा इल्ज़ाम लगाया, तो माफ़ी भी सबके सामने माँगती हूँ.

आता सगळे उभे राहूया. सरांसाठी मी दोन वर्षं गप्प राहिले. आणखी दोन मिनिटं राहते.