अर्धं पान

(लेकीची खोली. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर आई ग्रिलला पाठ लावून बसली आहे, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. खिडकीच्या वर शटरची जुनी पेटी; तिच्या फटीत पाकोळ्या, म्हणजे इवली वटवाघळं, राहतात. बाहेर नुकतंच अंधारलं आहे.)

बाबा : अगं, उतर ना खाली. सोसायटीचे अध्यक्ष जिना चढतायत.

आई : चढू देत. लिफ्ट बंद आहे का?

बाबा : मी दुरुस्त केलेली लिफ्ट कधी बंद असते? ते रागावले की जिन्याने येतात.

आई : बरंय. वर येईपर्यंत निम्मा राग उतरेल. माझा नाही उतरायचा, मी बसून आहे.

बाबा : आणि तो कारागीर? फोमचा डबा घेऊन केव्हाचा दाराशी उभा आहे बिचारा. फट बुजवायला त्याला याच कट्ट्यावर चढावं लागणार.

आई : म्हणून तर इथे बसलेय. हवा खायला नाही.

बाबा : दहा मिनिटांचं काम आहे गं!

आई : हो ना. दहा मिनिटांत फोम फुगतो, दगड होतो, आणि आत राहिलं ते राहिलं.

बाबा : आत काही नाहीये! तुझ्या डोळ्यांदेखत सगळ्या पाकोळ्या उडून गेल्या की आत्ता. अध्यक्ष तर भर दुपारी माणूस पाठवत होते, सगळ्या त्या पेटीत झोपलेल्या असताना. मीच म्हटलं, अंधार पडल्यावर या, तेव्हा घर रिकामं असतं. मला काय हौस आहे का कुणाचा जीव घ्यायची?

आई : घर रिकामं असतं हे तुला कुणी सांगितलं?

बाबा : पुस्तकाने! परवा जेवताना मीच नाही का वाचून दाखवलं? तू हसलीससुद्धा. म्हणालीस, वाचणाऱ्याला भांडी माफ म्हटल्यावर आज कसा घसा मोकळा झालाय.

आई : किती वाचलंस?

बाबा : किती म्हणजे? पान वाचलं.

आई : अर्धं वाचलंस. मध्येच अध्यक्षांचा फोन आला. 'अहो काका, आत्ताच वाचतोय, अंधारात वटवाघळं बाहेर जातात, तेव्हा बुजवा.' पुस्तक उपडं टाकलंस आणि जेवायला लागलास. भांडी मात्र पूर्ण पानाची माफ करून घेतलीस.

बाबा : पुढे... पुढे काय होतं?

आई : आपली लेक दुपारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली, डोळे हे एवढे सुजलेले. म्हणाली, बाबांनी पान अर्धंच वाचलं. त्या पोरीला मी काय सांगणार होते, बाबा मोठे आहेत म्हणून? तिला मैत्रिणीकडे धाडलं. म्हटलं, तू जा खेळायला, खिडकी मी सांभाळते.

बाबा : आले बघ. या काका, या. बसा ना.

अध्यक्ष : बसायला आलेलो नाही. बसायचं काम तुमच्या घरात एकजण करतंय तेवढं पुरे. अहो बाई, हा काय प्रकार आहे? समितीचा ठराव झालाय. तुमच्या यजमानांची संमतीची सही आहे. कारागीर ताटकळतोय.

आई : त्याला चहा दिलाय, काका. तुम्ही घेणार?

अध्यक्ष : विषय बदलू नका.

आई : नाही बदलत. पेटी बुजवायची नाही. हा विषय.

अध्यक्ष : अख्खी इमारत तुम्हाला वाघळीण म्हणते. ठाऊक आहे?

आई : म्हणू देत की. बेकरीत मला पिठाची गोण म्हणतात. त्यापेक्षा वाघळीण बरी, उडता तरी येतं.

अध्यक्ष : पुस्तकं वाचवाचून डोकं फिरतं माणसाचं, दुसरं काय!

आई : न वाचता फिरलेली जास्त पाहिलीत मी.

बाबा : अगं, जरा हळू. काका, तिला असं म्हणायचंय की...

आई : मला जे म्हणायचंय ते मी म्हटलंय. तू भाषांतर करू नकोस.

अध्यक्ष : म्हणजे मी वेडा? त्यांची सगळी घाण माझ्या गॅलरीत पडते. रोज सकाळी या वयात मी फरशी घासतो. आणि पुढच्या आठवड्यात सून बाळाला घेऊन घरी येतेय. या खिडकीच्या बरोबर खाली माझ्या नातीचा पाळणा येणार. काही रोगबिग झाला तर तुमचं पुस्तक येणार आहे दवाखान्यात?

आई : नातीची काळजी खोटी नाही, काका. त्याला मी कधीच हसणार नाही. हे पेटीखाली फळी ठोकतील, घाण फळीवरच राहील. ती फळी हातमोजे घालून मी साफ करीन. तुमच्या खिडकीला बारीक जाळी लावून देऊ, उद्याच्या उद्या. गॅलरी मी धुते, नात मोठी होईपर्यंत धुते. पण फट बुजवायची नाही.

अध्यक्ष : आणि का नाही, ते कळेल का? आत्ता आत काहीही नाही. हे तुमच्याच यजमानांनी मला सांगितलंय. पुस्तकात बघून!

आई : धर रे. घे पुस्तक. तूच वाच. जिथे सोडलंस तिथून.

बाबा : आत्ता?

आई : मोठ्याने. काकांना ऐकू जाऊ दे.

बाबा : 'अंधार पडल्यावर पाकोळ्या किडे पकडायला बाहेर पडतात...' हे झालं होतं. हां, इथून. 'मात्र विणीच्या दिवसांत अशी फट चुकूनही बुजवू नये. या दिवसांत फक्त माद्या बाहेर जातात. न उडणारी पिल्लं आतच एकमेकांना चिकटून राहतात. फट बंद झाली, तर पिल्लं उपाशी मरतात. त्यानंतरही माद्या कित्येक रात्री त्याच जागी...' त्याच जागी...

आई : वाच.

बाबा : 'त्याच जागी परत येऊन आत शिरायची वाट शोधत राहतात.'

आई : झालं पान.

बाबा : काका, मी हे वाचलं नव्हतं. देवाशप्पथ. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकारच करतोय.

अध्यक्ष : ठीक आहे, ठीक आहे. पण ती वटवाघळं आहेत हो. माणसं नाहीत.

आई : मी कुठे माणसं म्हटलं? माणसं असती तर तुम्ही नोटीस तरी दिली असती.

अध्यक्ष : जीभ फार चालते तुमची.

आई : चालणारच. आणखी एक ऐका. माझी लेक सहा महिन्यांची होती तेव्हा मी बेकरीत पहाटेच्या पाळीला लागले. हे गावोगाव लिफ्टा दुरुस्त करत फिरायचे. लेक कुणाकडे असायची?

अध्यक्ष : माझ्या गेलेल्या बायकोला यात आणू नका.

आई : आणणार. काकूंकडे असायची. तुमच्या घरात, तुमच्याच पलंगावर. पाळी सुटली की मी पळत यायचे, छाती दुधाने दाटून आलेली, झगा ओला झालेला. लोक बघायचे. मी बघायचे फक्त तुमचं दार. काकू ते उघडं टाकून बसायच्या, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. म्हणायच्या, तुला कडी वाजवण्याएवढाही उशीर नको. एक दिवस मी आले असते आणि दाराच्या जागी भिंत दिसली असती, तर? सांगा की. मी काय केलं असतं?

अध्यक्ष : भिंत बडवली असतीत, दुसरं काय!

आई : तेच त्या माद्या करतील. रात्रभर या भिंतीवर आपटत राहतील. आणि माझी लेक या पलंगावर झोपून ते ऐकेल. मला नाही ऐकवायचं तिला ते. तिने वाचलंय सगळं, तिला खोटं सांगता येणार नाही.

अध्यक्ष : हे बघा, ठराव ठराव असतो. तुमच्या यजमानांची सही...

बाबा : माझी सही काढून टाका, काका.

अध्यक्ष : अशी सही काढता येत नसते.

बाबा : मग राहू द्या. कारागिराला मी परत पाठवतो.

अध्यक्ष : लिफ्टचं काम तुम्हाला या इमारतीकडून मिळतं, हे विसरताय तुम्ही.

बाबा : नाही हो विसरलो. तेवढ्यासाठीच तर सही केली होती. फोनवर तुमचा आवाज ऐकला आणि पान तिथेच सोडलं. जेवायचं होतं म्हणून नव्हे.

आई : अरे...

बाबा : बोलू दे मला. लिफ्टचं काम गेलं तर जाईल. दुसऱ्या इमारती आहेत, त्यांच्याही लिफ्टा अडकतात. पण उद्या पोरीने मला विचारलं, बाबा, पुढचं वाचल्यावर काय केलंत? तर माझ्याकडे उत्तर हवं.

अध्यक्ष : छान! बायको खिडकीत, नवरा दारात. आणि किती दिवस चालणार हा तमाशा?

आई : पिल्लं उडेपर्यंत.

अध्यक्ष : आणि तोवर तुम्ही रोज इथे बसणार?

आई : पहाटे बेकरी, संध्याकाळी खिडकी. वाचायला भरपूर आहे माझ्याकडे.

बाबा : तिला झोप आली की मी बसेन.

अध्यक्ष : सभेत मांडीन मी हे. सगळ्यांसमोर.

आई : मांडा. मी येईन. पुस्तक घेऊन येईन आणि अख्खं पान वाचीन. ज्याला उठून जायचंय त्याने जावं.

अध्यक्ष : हट्टी आहात हो तुम्ही. ती म्हणायचीच.

आई : काकू?

अध्यक्ष : म्हणायची, ही वरची पोरगी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कौतुकाने म्हणायची. मला तेव्हाही कळलं नव्हतं, त्यात कौतुक कसलं.

बाबा : काका, खुर्ची घ्या.

अध्यक्ष : नको. मी काहीही मान्य केलेलं नाही, हे लक्षात ठेवा. फळी उद्या लागली पाहिजे. जाळीसुद्धा. बाळ यायच्या आत.

बाबा : सकाळीच लावतो.

अध्यक्ष : हा बारीक आवाज कसला? घड्याळ आहे का?

आई : नाही. तुमच्या डोक्यावर बघा. पेटीतून येतोय.

अध्यक्ष : एवढासा? थांबा, मोबाइलचा दिवा लावतो. कुठे... अरेच्चा. हे तर बोटाच्या पेराएवढं आहे. अंगावर केससुद्धा नाहीत. आणि हे काय फडफडलं बाहेर?

आई : उजेड बंद करा, काका. तिला घरात जायचंय.